टाकीवरचं स्वस्तिक

वडील गेल्यापासून त्यांची मोटारसायकल गोठ्याशेजारच्या खोलीत उभी होती. आठवण म्हणून ती विकायची नाही आणि जुनाट दिसते म्हणून चालवायचीही नाही, असा आमचा कारभार. वर्षभर तिला कुणी फडकं लावत नसे. खंडेनवमीला मात्र टाकीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचं आणि चुलत्यांनी हँडलपासून मडगार्डपर्यंत नारळाचं पाणी ओतायचं. पूजा झाल्यावर ते पुसायला गेलं की चुलते डोळे वटारायचे.

यंदा मी हट्टाने ती कळंब्यातल्या मिस्त्रीकडे नेली. क्रोमवर पुरळ उठलं होतं आणि टाकीचा रंग खाऊन गंज वर आला होता. मी खोलीच्या गळक्या पत्र्यांना शिव्या घातल्या. मिस्त्रीने गंजाच्या कडेवरून नख फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "पावणं, पावसाला स्वस्तिक काढता येतंय व्हय?"

टाकी घासून रंगवावी लागली आणि हँडल नवं घालावं लागलं. इंजिन मात्र कार्बोरेटर धुताच दुसऱ्या किकला सुरू झालं.

घरी आवाज ऐकून चुलते म्हणाले, "बघ, पूजेचं फळ हाय की."

इंजिनापर्यंत त्यांचं नारळपाणी कधी पोचलंच नव्हतं.