उधना ते साक्री, डबल स्टँडवर

आमच्या घरी अहिराणी बोलतात. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, अहिराणीतच म्हणाले, "तठे पोरीले कोन दखी? तूच नवराना मांगे बशीसन येस." तिथे पोरीकडे कोण बघणार, तूच नवऱ्याच्या मागे बसून येतेस, असा अर्थ. पोरगी म्हणजे माझी धाकटी बहीण कल्पना. तिला सुरतेत नर्सिंगचा कोर्स करायचा होता, राहायला आमची उधन्याची खोली होती, आणि आप्पांनी एका वाक्यात सगळ्यावर पाणी फिरवलं. मला ते फार झोंबलं. मे महिन्यात पुन्हा जायचं ठरलं तेव्हा मी ह्यांना सांगितलं, या वेळी मोटरसायकल मी चालवणार आणि तुम्ही मागे बसणार.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मिलमागच्या मैदानात मी गाडी शिकले होते, गिअर-क्लच सगळं पक्कं. फक्त डबल स्टँड जमायचा नाही. ओढून ओढून कंबर धरायची, पण गाडी काही वर चढायची नाही. म्हणून मी आपली साइड स्टँडवर लावायचे आणि कुणी टोकलं की तोंड फिरवायचे.

हे लूमवर रात्रपाळी करून आले, जरा पडले आणि निघायला दहा वाजले. तुम्ही ही चूक करू नका, पहाटेच निघा. कडोदऱ्यापर्यंत ट्रकांचा धूर, बारडोलीनंतर मात्र दोन्हीकडे ऊस आणि रस्ता मोकळा. शंभराच्या नोटेत पेट्रोल भरून वर चहा-गाठियाला पैसे उरले होते.

व्याऱ्याला भर उन्हात चहाला थांबलो. गाडी साइड स्टँडवर लावली, कप तोंडाला लावला, तेवढ्यात मागे धाडकन आवाज. ऊन लागून डांबर मऊ पडलं होतं. स्टँड त्यात रुतला आणि गाडी डाव्या अंगावर आडवी. इंडिकेटर फुटला, क्लचची दांडी वाकली. सगळी टपरी बघायला लागली. चहावाला शांतपणे म्हणाला, "बेन, डामर पोचो छे. डबल स्टेन्ड पर मूको ने."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आप्पांच्या अंगणात असं झालं असतं तर कल्पनाचं सुरतेला जाणं कायमचं राहिलं असतं. हे म्हणाले, "सांगू की गाय आडवी आली."

"काही सांगायचं नाही. आत्ता शिकवा मला."

निंबाखाली शाळा भरली. हे म्हणाले, "ओढतेस कशाला? लूमच्या आवाजात आम्हाला काही ऐकू येतं का? हातापायाला कळावं लागतं. स्टँडवर पाय ठेव, गाडी सरळ कर आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले तळव्याला कळू देत. मग सगळं वजन पायावर टाक. हाताने नुसतं धरून राहा." चार वेळा फसलं. पाचव्यांदा गाडी मागे सरकून आपसूक वर चढली. मग मी आणखी सहा वेळा चढवली. हे बिचारे उन्हात जांभया देत उभे होते.

सोनगड, नवापूर करत कोंडाईबारीचा घाट चढलो. घाटात दुसऱ्या गिअरमध्येच राहा आणि ट्रकला वाट द्या, घाई नडते. साक्रीजवळच्या आमच्या गावात शिरलो तेव्हा पाच वाजले होते. अंगणात नुकताच सडा टाकलेला, काळी माती ओली. आप्पा ओट्यावर बसलेले, शेजारची माणसं जमलेली. चुलतभाऊ गाडी धरायला धावला.

"कोणी हात लावू नका," मी म्हणाले.

"पडी जाई ती," आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले.

स्टँड दाबला. तळव्याला एकच पाय टेकल्याचं कळलं, दुसरा चिखलात जात होता. सकाळची मी असते तर जोर लावून ओढली असती. मी पाय काढला, गाडी ढकलत गोठ्याजवळच्या दगडी फरशीवर नेली, पुन्हा दाबला. दोन्ही टेकले. वजन टाकलं आणि गाडी वर. आप्पा उठून आले, सीट धरून त्यांनी गाडी दोनदा गदागदा हलवली. "पक्की शे," म्हणाले आणि ढोरांना पाणी पाजायला गेले. कल्पनाने माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली.

दोन दिवस शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी हाणल्या. आप्पांनी विषय काढला नाही, मीही नाही. निघताना मी किक मारणार तेवढ्यात ते जवळ आले. ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याशीच बोलले. "जूनमा धाकलीले लई जाय. तू शेस ना तठे." धाकटीला घेऊन जा, तू आहेस ना तिथे.

घाट उतरेपर्यंत मी रडत होते आणि ह्यांना वाटत होतं डोळ्यात धूळ गेली.

ती गाडी केव्हाच विकली. कल्पना आज सुरतेतल्याच एका दवाखान्यात अख्खा वॉर्ड सांभाळते. नव्या मुली तिला विचारतात, तुम्हाला इथे कोणी आणलं? ती म्हणते, ताईने. मी समोर असले तरी उगाच विनय दाखवत नाही. खरंच मीच आणलं.