नानांनी लांबवलेला ताण

नाना मोसंबीचं पान कधी तोडत नसत. भर दुपारी फांदी खाली ओढून ते पान आपल्या दाढीचे खुंट वाढलेल्या गालाला लावून बघत. थंड लागलं तर झाडाला अजून ओल आहे, ऊन लागलं तर ओल संपली. सोनगीरच्या आमच्या शिवारात लोक त्यांची टिंगल करत, "नाना झाडाचा मुका घेतात" म्हणत. आणि बागेला पाणी सोडायची वेळ आली की हीच मंडळी नानांच्या ओट्यावर येऊन बसत.

ज्यांनी बाग केली नाही त्यांना सांगते. मोसंबीला सदा पाणी मिळालं तर ती नुसती पानांनी माजते. बहार हवा तर काही आठवडे पाणी तोडायचं, म्हणजे झाडाला ताण द्यायचा. पानं पिवळी पडून गळू लागली की ताण सोडायचा, आधी हलकं पाणी, मग भरपूर. उशीर झाला तर वर्ष गेलं. "झाडले मरन दिसनं म्हंजे ते फुलस," नाना म्हणत. "पन नुसतं दिसाले पाहिजे, येवाले नको."

वडील गेले तेव्हा मी देवपूरच्या शाळेत शिकवत होते. सगळे म्हणाले, बाग विकून टाक. नाना म्हणाले, "इकू नको बेटा. मी शे ना." त्यांची बाग आमच्या बांधाला लागून, विहीर सामाईक. दर रविवारी मी जायची आणि नाना शिकवायचे. आमचं रान मुरमाड, म्हणून ताण लवकर सोडायचा; त्यांचं काळं, म्हणून उशिरा. माझं चुकलं की "मास्तरीन नापास!" म्हणून खदखदून हसायचे. वडिलांनंतर इतक्या हक्कानं मला कुणी रागावलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पाऊस कमी झाला. ताणावरच्या माझ्या बागेची पानं गळायला लागली, तेव्हा मी नानांना बोलावलं. त्यांनी पान गालाला लावलं. "थंड शे. आखो आठ दिन." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी स्वतः लावून पाहिलं तर मला पान ऊन लागलं. पण नानांपुढे माझा गाल तो काय! मी पाणी तोडलेलंच ठेवलं.

तिसऱ्या रविवारी फाटकापाशीच फुलांचा वास आला. बांधापलीकडे नानांची बाग पांढरी झाली होती आणि झाडांभोवतीची आळी ओली होती. पाणी सोडल्यावर फुलायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे माझं पान पहिल्यांदा थंड सांगितलं, तेव्हाच त्यांनी आपला ताण सोडला होता.

नाना ओट्यावर होते. त्यांनी नजर चुकवली नाही. "इहिरमा दोन बागास्नं पानी नव्हतं," ते म्हणाले. "तू मांगतीस, तं माले नही म्हनता येतं का?"

माझ्या तोंडावर नाही म्हणावं लागू नये म्हणून त्यांनी माझ्या झाडांना तहानच नाही असं सांगितलं. मी त्याच दिवशी पाणी सोडलं. फुलं आली आणि गळली. उरलेली फळं लिंबाएवढी, जाड सालीची, आत चोथा. काही झाडं शेंड्याकडून वाळत गेली. नाना अडाणी असते, चुकले असते, तर मी केव्हाच विसरले असते. त्यांनी शिकवलेलं सगळं खरं होतं, म्हणून तर मी फसले.

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. मी दारावर, घरच्यांच्या सांत्वनाला जाऊन आले. रडू आलं, त्याचाही राग आला.

या हिवाळ्यात विहिरीचं पाणी पुन्हा खोल गेलं. सुरतेहून परत आलेला त्यांचा मुलगा बांधावर आला. "ताई, माले काही समजत नही. पानी कधी सोडू?"

मनात वाईट आलं नाही असं म्हणणार नाही. मग म्हटलं, "आजच सोड, हलकं. पण पाणी कमी आहे, निम्मीच झाडं बहाराला धर. मीही निम्मीच धरते."

"बरं," म्हणून तो मोटर सुरू करायला गेला.

मी बांधावर बसले आणि नानांचा कधी आला नव्हता इतका संताप आला. एवढंच म्हणायचं होतं त्यांनी. मी हो म्हटलं असतं.