डावा कान

गल्लीत तिला सगळे झेरॉक्सताई म्हणत. दिवसभर लोकांची ओळखपत्रं काचेवर उपडी घालायची, झाकण दाबायचं, गरम कागद हातात द्यायचे. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालून वही निघे आणि मघाशी येऊन गेलेल्या माणसाचा चेहरा पेन्सिलीनं कागदावर उतरे. हात सुरेख होता. पण बघणार कोण? नवरा "छान आहे" म्हणे, तेही ताटावरून मान वर न करता.

चित्रकला ती मास्तरांकडे शिकली. मास्तर म्हणजे नाकावर राग. त्यांच्या तोंडून कौतुक ऐकल्याचं कुणालाच आठवत नाही. चित्र टाकाऊ असलं तर ते मुकाट्यानं कागद परत करत. त्यात जीव असला तरच चूक दाखवत, तीही एकच, एका शब्दात. "हनुवटी." ज्याला असा शब्द मिळे तो आठवडाभर कॉलर ताठ करून फिरे. ताईला बारा वर्षांत असे पुष्कळ शब्द मिळाले. पुढे तिनं मोबाईलवर चित्रं टाकायचं काढलं, तेव्हा मास्तर कडाडले, "बाजारच मांडायचाय ना? मग इथं पाऊल ठेवू नकोस." तिनंही ठेवलं नाही. दोघंही एकाच माळेचे मणी, माघार घेणार कोण?

मोबाईलवर तिला माणसं भेटली. एक नर्स होती, फक्त खिडक्या रंगवायची. एक बसड्रायव्हर शेवटच्या थांब्यावर झाडं काढायचा. सगळी एकमेकांच्या चित्रांवर बदामांची खैरात करत, कुणी आजारी पडलं तर विचारपूस करत. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, माणसं भली होती. आपल्यालाही गोतावळा आहे, असं ताईला पहिल्यांदाच वाटलं.

त्यात एक बिनफोटोचं खातं उगवलं. नावाच्या जागी नुसते आकडे. दर चित्राखाली एक शब्द. "मान." "भुवई." "डावा कान." नर्सनं लिहिलं, "कोण हा दीडशहाणा?" सगळे हसले. ताईला चारचौघांत थोबाडीत बसल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा "डावा कान" आला, तेव्हा तिनं रागाच्या भरात ते खातं ब्लॉक करून टाकलं. कानाकडे बघितलंसुद्धा नाही. मास्तर मोबाईलला हात लावतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

पाच महिन्यांनी मास्तरांची सून दुकानात आली. तिला मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती हव्या होत्या. ताईनं कागद काचेवर ठेवताना नाव वाचलं आणि तिचा हात झाकणावरच राहिला.

"तुम्हाला कळलं नव्हतं का, ताई?" सून म्हणाली. "वर्षभर अंथरुणावरच होते. वाचा गेली, उजवा हात गेला. तुमची चित्रं बघायला म्हणून मोबाईल शिकले. डाव्या हाताच्या एका बोटानं काहीतरी लिहायचे, त्यालाच अर्धा तास लागायचा. मग एक दिवस तुमचं पानच दिसेना. रोज पाटीवर लिहून विचारायचे, तिनं सोडलं का? आम्ही तरी काय सांगणार? म्हटलं, सोडलं असेल, बाबा. फार रडले हो."

"किती प्रती?" एवढंच ताईनं विचारलं.

घरी जाऊन तिनं त्या आकड्यांच्या खात्यावरचा ब्लॉक काढला. चित्रांखाली ते शब्द परत दिसू लागले. ती एकेक चित्र बघत गेली. ब्लॉक करण्याआधीचं एकही चित्र मास्तरांनी मुकाट्यानं परत केलं नव्हतं.

दोन दिवस खपून तिनं मास्तरांचा चेहरा काढला आणि टाकला. बदामांचा खच पडला. "अप्रतिम!" नर्सनं लिहिलं. "जिवंत वाटतात," ड्रायव्हरनं लिहिलं. डावा कान बोटभर खाली आला होता. ताईला तो स्पष्ट दिसत होता. ती मोबाईल हातात धरून बसून राहिली, पण तेवढं एक कुणीच लिहिलं नाही.