दाजींच्या फटफटीची खरखर

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, नारायणगडाजवळच्या एका गावचे देशमुख. जमीन बापजाद्यांनी मिळवून ठेवली होती. अक्कल तेवढी कुणाच्या ध्यानात राहिली नव्हती. निजामाच्या मोगलाईतल्या त्या दिवसांत छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी फटफटी त्यांनी विकत घेतली आणि तिच्यावरून मुजरे गोळा करत फिरू लागले.

गडाची जत्रा जवळ आली आणि फटफटी खरखरू लागली. मी तेलगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन सांभाळायचो, म्हणून मला बोलावणं आलं. ओसरीवर खुशमस्करे बसलेलेच होते. एक म्हणाला, पेट्रोलात पाणी हाय. दुसऱ्यानं दृष्ट लागली म्हणून हँडलला लिंबू बांधलं होतं. दाजी दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावत होते.

मी गाडी चालू केली आणि गिअर काढून उभी ठेवली. खरखर होतीच. क्लच दाबला, खरखर गेली. सोडला, परत आली. मग गिअरबॉक्सचं बूच काढून थोडं तेल बोटावर घेतलं. त्यात लोखंडाचा कीस चमकत होता.

"दाजी, क्लचमधी काई न्हाई," मी म्हणालो. "क्लच दाबला की गिअरबॉक्स फिरायचा थांबतो, म्हणून आवाज थांबतो. त्याच्यातलं बेअरिंग गेलंय. हैदराबादहून नवं येईस्तोवर गाडी भाईर काढू नका."

"दाबल्यावर आवाज जातो ना?"

"उभ्या गाडीत जातो."

"मंग दाबूनच चालवतो," दाजी म्हणाले. ओसरीवरचे सगळे हसले. अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी चालवली तर क्लचही जळेल, हे मी सांगत होतो तेव्हा दाजी मिशीला पीळ देत होते.

जत्रेला जिल्ह्याचे तालुकदारसाहेब येणार होते. त्यांच्या डोळ्यांदेखत बायकोला मागं बसवून गडावर जायचं, हा दाजींचा बेत. अक्कानं मला चुलीपाशी बोलावून विचारलं, "बसू का रे मी?"

"नको."

तिनं दुसरं काही विचारलं नाही. बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "मी बैलगाडीनं येते. तुमी व्हा म्होरं."

जत्रेच्या दिवशी मी अक्काच्या गाडीत होतो. गडाच्या चढावर आधी क्लचमधल्या बुचाच्या चकत्या जळल्याचा वास आला, मग लोकांचा गलका. बेअरिंगचे तुकडे गिअरच्या दात्यांत अडकून मागचं चाक जागच्या जागी बसलं होतं आणि दाजी रस्त्याकडेच्या बाभळीत जाऊन पडले होते. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तालुकदारसाहेबांची मोटार शेजारून गेली, थांबलीसुद्धा नाही. खुशमस्करे एव्हाना त्या मोटारीमागं पळत होते.

अक्का खाली उतरली. नवऱ्याच्या अंगातले काटे काढता काढता म्हणाली, "साहेबांनी बघितलं बरं का तुमाला."

आम्ही दाजींना बैलगाडीत घातलं आणि चेन उतरवून फटफटी दोरानं मागं बांधली.

पुढं मी गिअरबॉक्स उघडला, बेअरिंगचा चुरा वाटीत काढला आणि दाजींसमोर नेऊन ठेवला. गळ्यात हात अडकवून ते लोडाला टेकले होते. भोवती तीच माणसं होती.

"तू हात लावलास म्हणून बिघडली," दाजी म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्याच दुपारी तेलगावला निघून आलो.