तू खा, मी बघते

गोजराबाईच्या नाकावर राग असतो, हे पंचवटीच्या भाजीबाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. मेथीची जुडी उलटीपालटी करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती एकदा सांगते, दुसऱ्यांदा सरळ जुडी हातातून काढून घेते. पण गेला महिनाभर तिचा राग गिऱ्हाइकांवर नव्हता. तो शेजारच्या गोणपाटावर बसणाऱ्या खुर्शीदावर होता, आणि खुर्शीदाचा गुन्हा एवढाच की ती बाजार सोडून लेकीकडे मालेगावला कायमची राहायला निघाली होती.

खुर्शीदा लिंबं, मिरच्या आणि आलं विकायची. सत्तावीस वर्षं दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. आता खुर्शीदाचे गुडघे जमिनीवर बसायला तयार नव्हते. एकदा बसली की उठवायला दोन माणसं लागत, आणि त्यातलं एक माणूस गोजराबाईच असे. लेक माहेनूर वर्षभर फोनवर 'अम्मी, बस झालं आता' म्हणत होती. सगळं रास्तच होतं. गोजराबाईलाही ते कळत होतं, म्हणून तर जास्त चीड येत होती.

"जा की. मी काय धरून ठेवलंय?" एवढंच म्हणायची आणि मेथीवर पाणी शिंपडायची. मेथी बिचारी महिनाभर गारठली.

समोर फुलं विकणाऱ्या सविताला हे बघवेना. सविता दोघींपेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. एका दुपारी झेंडूचे हार ओवता ओवता तिनं जाहीर करून टाकलं, "खुर्शीदाखाला सोमवारी चालल्या. रविवारी आपण तिघी मिसळ खायला जाऊ. मळ्यातल्या त्या हॉटेलात, जिथं समदं नाशिक जातं."

"रविवारी? अन् बाजार?" गोजराबाई ओरडलीच. रविवार म्हणजे भाजीवालीची दिवाळी.

"बाजार कुठं जात नाय, मावशी. खाला जातायत."

शनिवारी संध्याकाळी तिनं मखमलाबादच्या शेतात मेथी तशीच उभी ठेवली. आईला बरं नाही की काय म्हणून मुलगा महेश दोनदा कपाळाला हात लावून गेला.

रविवारी नऊ वाजता तिघी रिक्षातून उतरल्या, तर हॉटेलाबाहेर जत्रा. आंब्याच्या झाडांखाली टेबलं, पलीकडं द्राक्षाचा मळा, बैलगाडीच्या चाकाशी उभं राहून फोटो काढणारी पोरंपोरी, आणि नाव लिहून घ्यायला वही घेतलेला माणूस. सवितानं गोजराबाईचं नाव दिलं. अर्ध्या तासानं लाउडस्पीकरमधून आवाज आला, "गोजराबाई, तीन जण!" आणि गोजराबाई दचकून उभी राहिली. आजवर तिचं नाव असं मोठ्यानं पुकारलं गेलं होतं ते रेशनच्या दुकानात, नाहीतर सरकारी दवाखान्यात. जेवायला कुणी पुकारलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि पुढं झाली.

खुर्ची होती, म्हणून खुर्शीदाच्या गुडघ्यांनी आज कुरकुर केली नाही. टेबलावरची लिंबाची फोड तिनं बोटांनी दाबून पाहिली. "पाणी नाही यात. पंधरा दिवसांचं लिंबू."

"कोथिंबीर पण कालचीच हाय," गोजराबाई म्हणाली. महिनाभरात दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. सवितानं देवाला मनातल्या मनात हात जोडले.

मग तीन ताटं आली. मटकी, फरसाण, लालभडक तर्रीची वाटी, दही, पापड, पाव, आणि कोपऱ्यात एक गुलाबजाम. सवितानं पाव मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि वर पाहिलं, तर समोर दोन पाठी.

गोजराबाईनं आपलं ताट बाजूला सारलं होतं, खुर्ची बाहेरच्या बाजूला वळवली होती, खुर्शीदाची पिशवी मांडीवर घेतली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर रोखून ती म्हणत होती, "तू घे खाऊन. मी बघते." आणि नेमकी त्याच वेळी खुर्शीदा दुसऱ्या बाजूला तोंड करून म्हणत होती, "पहले तू खा गं, मैं देखती."

सविताला ठसका लागला. तर्री नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसू थांबेना. "अहो, काय बघताय? कोण नेतंय इथं तुमची मेथी?"

दोघींनी माना वळवल्या. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

सत्तावीस वर्षांत त्या दोघी एकत्र जेवल्याच नव्हत्या. बाजारात एकीनं भिंतीकडे तोंड करून डबा खायचा आणि दुसरीनं दोघींच्या मालावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, हा नियम. महेशच्या लग्नात खुर्शीदा दोघींचा माल सांभाळून संध्याकाळी आली आणि शेवटच्या पंगतीत बसली, तेव्हा गोजराबाई वाढत होती. माहेनूरच्या लग्नात हेच उलट झालं. ईदेचा शीरखुर्मा डब्यातून यायचा, दिवाळीच्या करंज्या डब्यातून जायच्या. एकमेकींच्या हातचं पुष्कळ खाल्लं, पण समोरासमोर बसून एक घास नाही.

"जित्याची खोड," गोजराबाई पुटपुटली आणि खुर्ची वळवून घेतली. पण सवय सुटेना. दर दोन घासांनी मान आपोआप मागं वळे. शेवटी तिनं मान वळवणं सोडून दिलं आणि समोर पाहिलं.

खुर्शीदानं मिसळीला हातही लावला नव्हता. ती आधी गुलाबजाम खात होती. डोळे मिटून, अगदी सावकाश, लहान पोरीसारखी.

"हे काय गं? गोड आधी?"

"मी नेहमीच गोड आधी खाते. गुळाचा खडा तरी असतोच डब्यात."

"मला कधी दिसलं नाय."

"तू कुठं माझ्याकडं बघत होतीस? तू माल बघत होतीस."

गोजराबाईच्या हातातला पाव हातातच राहिला. जिचं लिंबू न् लिंबू तिनं राखलं, ती बाई जेवताना कशी दिसते हे तिला ठाऊक नव्हतं; आणि आता ठाऊक झालं, तर उद्या ती जाणार होती.

"मला राग आलाय तुझा," ती म्हणाली. "लय आलाय."

"मालूम आहे. महिनाभर मेथी बुडवतेस." खुर्शीदानं हात पुढं करून तिच्या मनगटावर ठेवला. "मला पण माझ्या गुडघ्यांचा राग आलाय, गोजरा. तुला सोडून जायला मला काय हौस आहे?"

गोजराबाई त्यानंतर रडली आणि तर्रीवर ढकलून मोकळी झाली. सवितानं मान खाली घालून मुकाट्यानं पापड खाल्ला, आणि सविता मुकाट्यानं काही खाते ही गोष्ट बाजारात अजून कुणी खरी मानत नाही. गोजराबाईनं आपला गुलाबजाम उचलून खुर्शीदाच्या ताटात ठेवला. बाहेर वाट पाहणारी माणसं टेबलाकडे डोळे लावून होती, पण तिघी अकरा वाजेपर्यंत हलल्या नाहीत.

सोमवारी सकाळच्या एसटीनं खुर्शीदा गेली. त्या दुपारी गोजराबाईला भूकच लागली नाही. मंगळवारी लागली. तिनं डबा काढला, सवयीनं शेजारी पाहिलं, तर नुसतं रिकामं गोणपाट. समोर सविताकडे गिऱ्हाइकांची रीघ होती. तिनं डबा पुन्हा पिशवीत घातला.

तेवढ्यात महेशनं दिलेला मोबाइल वाजला. हिरव्यावर बोट सरकवायचं एवढंच तिला येत होतं. तिनं सरकवलं, तर काचेत खुर्शीदा, पलंगावर बसलेली, पुढ्यात ताट.

"जेवलीस?"

"कशी जेवू? बघायला कोण हाय इथं?"

"वेडी आहेस. फोन मेथीकडं कर. मैं देखती, तू खा."

गोजराबाईनं मोबाइल टोपलीला टेकवून मेथीकडं वळवला, भिंतीकडं तोंड केलं आणि भाकरी मोडली. पहिला घास तोंडात गेला न गेला तोच मालेगावहून आवाज कडाडला, "ओ बाई! जुडी उलटीपालटी करू नका! घ्यायची तर अशीच घ्या!"

हातात जुडी घेतलेली बाई घाबरून इकडंतिकडं बघायला लागली. गोजराबाईला एवढं हसू आलं की भाकरी हातातून निसटली. मग तिनं मोबाइल उचलला, मेथीवरून फिरवून आपल्याकडं केला आणि मांडीवर नीट उभा केला. खुर्शीदाच्या ताटात गुळाचा खडा दिसत होता.

"राहू दे मेथी," ती म्हणाली. "तू जेव. मला बघू दे."

त्या बाईनं जुडी नेली की परत ठेवली, हे गोजराबाईला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.