ताशा थांबत न्हाई

नेकनूरच्या स्टँडवरच्या त्या माणसाचा मला रोज राग यायचा. तो लग्नाच्या बॅण्डमधला ताशेवाला. दुष्काळानं लग्नं आखडली, बाकीचे वाजवणारे साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेले. हा मात्र बाकावर बसून पत्र्याच्या पेटीवर दोन काड्यांनी एकच ठेका धरायचा.

"कावून हो, रोज तेच?" एकदा मी विचारलंच.

"फ्रान्सच्या एका संगीतकाराचं हाय. रेडिओवर ऐकलं. आधी एकटा ताशा, मग एकेक वाजवणारा येऊन मिळतो. त्यानं आपली वरात बघितली असणार! आमच्यावाले चाल पाठ करून गेलेत. ठेका मी राखतोय."

मी वाचलेलं सांगितलं, "शेवटी आजारपणात त्या संगीतकाराला सूर सुचायचे, पण कागदावर उतरेनात."

"आन् ताशेवाला थांबला का?"

"त्या रचनेत नाही थांबत."

"मग झालं तर!"

उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्याचा हंगाम संपला. कोयते आणि बिऱ्हाडं घेऊन ट्रक स्टँडवर आला. बॅण्डमधला क्लॅरिनेटवाला उतरला, धुळीनं माखलेला. ठेका ऐकला आणि तोंडानंच ती चाल धरली.

ताशेवाल्यानं मान वर केली नाही. काड्या न थांबवता तो बाकावर जरा सरकला.