सुतारकाका यॉट भाड्याने घेतात

गोदीतल्या कारखान्यात सुतारकाकांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी श्रीमंतांच्या यॉटींची आतली कामं केली. दारं, पलंग, कपाटं, काय म्हणाल ते. आणि गंमत बघा, यातली एकही यॉट चालू असताना काका तिच्यावर नव्हते. काम संपलं की हे खाली उतरायचे आणि यॉट पाण्यात जायची. काकूंनी विचारावं, आज एवढा उशीर कुठे झाला, तर उत्तर ठरलेलं, 'यॉटवर'. त्या यॉटपायी बायकोचं अर्धं आयुष्य वाट बघण्यात गेलं आणि तिने ती कधी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा हे काकांच्या डोक्यात आलं. उशिराच आलं म्हणायचं, पण आलं ते पक्कं बसलं. हिला एक दिवस तरी न्यायचं.

एका दुपारी ते यॉट भाड्याने देणाऱ्या कचेरीत गेले. तिथल्या मुलीला वाटलं, दुरुस्तीचा माणूस आला. तिने अडकणारा ड्रॉवर दाखवला. काकांनी आधी तो सरळ केला आणि मग भाडं विचारलं.

दिवसाचा आकडा ऐकून त्यांचे डोळे पांढरे झाले. चार महिन्यांचा पगार! मुलगी मात्र सरळ मनाची होती, तिने पुढचंही लपवलं नाही. हे भाडं नुसतं यॉटचं आणि खलाशांचं. इंधन, खाणंपिणं, दुसऱ्या धक्क्याला लागलात तर तिथलं शुल्क, सगळं वेगळं. त्यासाठी भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम आगाऊ भरायची, खर्चून उरेल ती परत. शिवाय मोडतोडीसाठी अनामत. खलाशांना बक्षीस द्यायचं ते आपल्या खुशीने, पण देतात सगळेच. इथे भल्याभल्या गिऱ्हाइकांचा चेहरा उतरतो. काका मात्र खुलले.

"म्हणजे लाकूड वेगळं, मजुरी वेगळी. मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

मग त्यांनी एकेक आकडा तासून काढला. सगळ्यात जास्त कशाला लागतं? इंजिनाला. मग इंजिन कमी चालवायचं, शिडावर जायचं आणि जवळच्या खाडीत नांगर टाकून बसायचं. हंगाम संपल्यावर, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, भाडं निम्म्यावर येतं, हे मुलीने आपण होऊन सांगितलं. जेवणाचा डबा घरून चालेल का, हे तिने फोन करून कप्तानाला विचारलं. चालेल म्हणाला. तीन वर्षांच्या जादा कामाचे पैसे साठले होते, त्यात सगळं कसंबसं बसलं. करार झाला, निम्मे पैसे भरले, आणि मुलीने हातात एक फॉर्म दिला. पाहुण्यांना काय आवडतं, काय सोसत नाही, ते कप्तानाला आधी कळावं म्हणून.

घोडं अडलं ते या फॉर्मपाशी. स्वतःचं काकांनी पटापट लिहिलं. बायकोच्या रकान्यात पेन अडकलं. तिला बोट लागते का? प्यायला काय आवडतं? गाणी कसली? एकतीस वर्षांपूर्वी बसवलेली बिजागरी कुठली ते या गृहस्थाला पाठ, आणि हे ठाऊक नाही. काकांना मनापासून लाज वाटली. घरी जाऊन विचारलं, तर काकू आधी हसल्या, मग त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडे, मीच लिहिते," म्हणाल्या. लिहून, घडी घालून त्यांनी तो स्वतः कचेरीत नेऊन दिला.

ठरल्या दिवशी दोघं नऊलाच धक्क्यावर हजर. यॉट नेमकी तीच, जिच्या केबिनी काकांनी सहा वर्षांपूर्वी केल्या होत्या. निघायच्या आधी एक रीत असते. आधीचे ओरखडे, तडे कागदावर लिहायचे आणि दोघांनी सही करायची, म्हणजे अनामतीवरून नंतर भांडण नको. गिऱ्हाईक हे पाच मिनिटांत उरकतं. पण कप्तानाने कागद दिला तो सुताराच्या हातात. काकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि आत शिरले.

दहा वाजले, भाड्याची वेळ सुरू झाली. काका पलंगाखाली. साडेदहा झाले. काका कपाटात. अकरा दोष सापडले होते आणि अकराही त्यांच्याच हातचे. तिसऱ्या केबिनीचं दार कुरकुरत होतं, त्यापाशी तर ते गुडघे टेकून बसले आणि खलाशाकडे स्क्रूड्रायव्हर मागू लागले. तिकडे काकू मांडीवर डबा घेऊन धक्क्यावर बसलेल्या. आजही वाटच बघत होत्या.

अकराच्या सुमारास कप्तान खाली आला. "काका, तुमचा फॉर्म मी वाचलाय. शेवटचा प्रश्न असतो, या दिवशी खास काय हवं? काकूंनी लिहिलंय ते वाचून दाखवू?"

काकांना वाटलं, सरबत वगैरे असेल.

"'यांच्या हातात दिवसभर हत्यार देऊ नये,'" कप्तानाने वाचलं. "'नुसते माझ्याजवळ बसलेले हवेत.'"

काका गुडघ्यांवर तसेच थांबले. मग उठले, कागदावर सही केली, पेन्सिल कप्तानाच्या खिशात खोचली आणि बायकोचा हात धरून तिला वर घेतलं.

खाडीत नांगर पडला तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. डबा संपला होता. काकूंना बोट लागली नाही, आणि त्यांना लिंबाचं सरबत आवडतं हे काकांना आता पक्कं कळलं होतं. लाटेसरशी यॉट कलली की खालून ते दार कुरकुरायचं. तिसऱ्यांदा कुरकुरलं तेव्हा काकूंनी गालातल्या गालात हसत विचारलं, "अहो, कोणी केलंय हो हे दार?"

"असेल कुणीतरी," काका म्हणाले, आणि बसले होते तिथून हलले नाहीत.